सिंह, बैल आणि मधला दुभाषी

दिवाळी अंकांत प्राण्यांच्या मैत्रीला कायमची जागा आहे. बालविभागात सिंह आणि उंदीर असतात, कधी माकड आणि मगर. मोठ्यांच्या विभागात कुत्रीने दूध पाजलेले मांजरीचे पिल्लू येते, किंवा हत्तीच्या पायाशी निजणारा कुत्रा. लेख कोणाचाही असो, शेवट ठरलेला : मुक्या जनावरांना जे उमगते ते माणसाला उमगत नाही. हे वाक्य मी इतक्या अंकांत वाचले आहे की आता ते आले की मी पान उलटतो. ते खोटे असते असे माझे म्हणणे नाही. पण ते आले की लेखकाने जनावरांकडे पाहणे थांबवलेले असते, एवढे नक्की.

पांढुर्णा-सौंसरच्या वाचकाला या विषयाकडे थोड्या निराळ्या बाजूने पाहता येते. आपण घरात मराठी बोलतो आणि कचेरीत हिंदी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची नवी आखणी झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून स्वतंत्र जिल्हा झाला, तरी कचेरीतला अर्ज हिंदीतच राहिला. ज्याची बोली आपली नाही त्याच्याशी दुधाचा, संत्र्याच्या सौद्याचा, क्वचित सोयरिकीचाही व्यवहार करणे ही इथली रोजची गोष्ट आहे. म्हणून दोन भिन्न जातींच्या प्राण्यांची मैत्री झाली असे कोणी लिहिले की मला दोन प्रश्न पडतात. त्यांना एकमेकांचे बोलणे कळले कसे? आणि मध्ये कोण होते?

हे दोन प्रश्न घेऊन पंचतंत्र उघडले की पहिलेच तंत्र वेगळे दिसू लागते. त्याचे नाव मित्रभेद. म्हणजे मैत्रीच्या या जगप्रसिद्ध ग्रंथाची सुरुवातच मैत्री मोडण्यापासून होते. मित्रलाभ दुसऱ्या क्रमांकावर. दक्षिणेतल्या महिलारोप्य नगरातला वर्धमान नावाचा व्यापारी गाडी जुंपून मथुरेला निघतो. यमुनेच्या काठी चिखलात त्याचा एक बैल, संजीवक, पाय मोडून बसतो. व्यापारी राखणीला माणसे ठेवून पुढे जातो. ती माणसे जंगलाला भितात, बैलाला तिथेच टाकतात आणि मालकाला जाऊन सांगतात की बैल मेला, आम्ही त्याचे क्रियाकर्म केले. पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग लावणाऱ्या आपल्या मुलखात हा प्रसंग सावकाश वाचायला हवा. गोष्टीची पहिली लबाडी कोल्ह्याची नाही, माणसाची आहे. आणि सिंहाशी पुढे जी मैत्री होते ती टाकून दिलेल्या जनावराची मैत्री आहे.

नदीकाठच्या हिरव्या गवतावर संजीवक सुधारतो, धष्टपुष्ट होतो आणि डुरकतो. पिंगलक सिंह पाणी प्यायला आलेला असतो. त्याने असला आवाज कधी ऐकलेला नाही. तो पाणी न पिताच मागे फिरतो आणि वडाखाली आपल्या लवाजम्यासह बसून राहतो. वनाचा राजा एका बैलाला भितो, हा प्रसंग बहुतेक पुनर्कथनांत विनोदी करून सांगितलेला असतो. मला तो तसा वाटत नाही. सिंहाला बैल माहीत नाही. त्याच्यापुढे फक्त एक अनोळखी हाक आहे आणि तिचा अर्थ सांगायला कोणी नाही. इथे दमनक पुढे येतो. करटक आणि दमनक हे दोन कोल्हे मंत्रिपदावरून उतरलेले, दरबाराच्या कडेला राहून उष्ट्यावर जगणारे. दमनक बैलाकडे जातो, सिंहाकडे येतो, याचे त्याला आणि त्याचे याला सांगतो, अभय मिळवून देतो आणि दोघांची भेट घालतो. मैत्री होते ती दुभाष्यामुळे होते. हे आपण विसरतो, कारण पुढे तोच ती मोडतो.

मोडतो का? पुनर्कथनकार सांगतात : दुष्ट म्हणून. मूळ गोष्ट यापेक्षा शहाणी आहे. जैन पंडित पूर्णभद्राने ११९९ साली सिद्ध केलेल्या पाठात बैल सिंहाला शिकवतो, त्याच्या रानटी सवयी सोडवतो, गावची रीत लावतो. सिंह दिवसभर बैलाशी बोलत बसतो आणि शिकार सोडतो. आता सिंहाच्या शिकारीवर जी तोंडे जगत होती ती उपाशी पडतात. दमनकाला मत्सर आहे, अधिकाराची हाव आहे, पण सगळ्यांच्या आधी त्याला भूक आहे. सिंह आणि बैल यांच्या सुंदर सहवासाची किंमत दरबाराच्या कडेला बसलेले मोजत आहेत. हा हिशेब गोष्टीत स्पष्ट लिहिलेला आहे आणि मुलांसाठीच्या ज्या आवृत्त्या माझ्या हाताशी आहेत त्यांतल्या एकीतही तो आलेला नाही. मुलांना कळणार नाही म्हणून तो गाळला असेल, तर घरात तिसऱ्या ताटाची वाटणी कशी होते हे मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळते.

मग दमनक जे करतो ते फार बारीक आहे. तो सिंहाला सांगतो, बैलाच्या मनात काळे आहे. आज तो नेहमीसारखा सैल अंगाने न येता इकडेतिकडे पाहत, शिंगे सावरत आला, तर समजा. बैलाला सांगतो, सिंह तुला मारणार. तो कान टवकारून, शेपूट उभारून, डोळे लाल करून बसला असेल, तर ओळख. दोघेही जातात, दोघेही भ्यालेले असतात, आणि भीतीने प्रत्येकाचे अंग नेमके तसेच होते जसे दुसऱ्याला सांगितलेले असते. बचावाची खूण हल्ल्याची खूण म्हणून वाचली जाते. लढाई होते, सिंह बैलाला मारतो, रक्ताळलेला पंजा घेऊन हळहळतो, आणि दमनक मंत्री होतो.

जगातल्या गोष्टींत परक्याशी झालेली मैत्री मोडण्याचे इतके नेमके वर्णन मी दुसरीकडे वाचलेले नाही. सिंहाने बैलाला नीट ओळखले नाही असे म्हणणे सोपे आहे. पण त्याने बैलाला एकदाही थेट वाचलेले नव्हते. आरंभीही दुभाष्याच्या तोंडून, शेवटीही. मधल्या दिवसांत ते दोघे काय आणि कसे बोलले याबद्दल ग्रंथ जवळजवळ काहीच सांगत नाही, ही मात्र त्याची उणीव मी धरतो. शास्त्रचर्चा झाली एवढे कळते. सिंह आणि बैल यांनी शास्त्रचर्चा करावी, पण कान मागे गेले म्हणजे काय, शेपूट हलली म्हणजे काय, हे एकमेकांकडून शिकू नये?

एक गंमत जाता जाता. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने हा ग्रंथ पहलवीतून अरबीत नेला तेव्हा त्याचे नाव पडले ‘कलीला व दिम्ना’, म्हणजे करटक आणि दमनक. अर्ध्या जगाला हे पुस्तक दुभाष्यांच्या नावाने माहीत आहे. सिंह आणि बैल शीर्षकात नाहीत. त्याच अरबी पुस्तकात दिम्नावर खटला चालतो आणि त्याला शिक्षा होते. संस्कृतात ती नाही. दुभाषी मंत्री होतो आणि गोष्ट संपते, हे अरबी लेखकाला सोसलेले दिसत नाही. मला संस्कृत शेवटच जास्त खरा वाटतो.

दुसऱ्या तंत्रात, मित्रसंप्राप्तीत, या उणिवेची भरपाई होते. हितोपदेशातही ही कथा मित्रलाभात आहे, आणि हितोपदेशाचे मराठी रूप १८१५ साली श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात मोडी अक्षरांत छापले गेले. मराठी गद्य छापखान्यात शिरत होते त्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी ते एक. कावळा, उंदीर, कासव आणि हरीण यांची ही कथा आपण सुटकेची कथा म्हणून सांगतो : हरीण मेल्याचे सोंग घेते, कावळा त्याच्या डोळ्यांवर चोच मारल्यासारखे करतो, शिकारी कासव टाकून हरणाकडे धावतो, उंदीर कासवाचा दोर कुरतडतो. टाळ्या. पण मला यातला सगळ्यात चांगला भाग सुटकेच्या बराच आधी येतो. कावळा लघुपतनक उंदीर हिरण्यकाच्या बिळाशी येऊन मैत्री मागतो. उंदीर आतूनच उत्तर देतो : तू खाणारा, मी खाद्य, आपली मैत्री कशी होणार? मग तो वैराचे दोन प्रकार सांगतो. एक काही कारणाने उद्भवलेले, ते कारण संपले की संपते. दुसरे जन्माचे, साप-मुंगसाचे, ते संपत नाही. कावळा हटत नाही, बिळापुढे उपास धरून बसतो. शेवटी उंदीर मानतो, पण आपली अट घालून : मी माझ्या किल्ल्यात राहीन, तू बाहेर राहा, बोलणे दारातून होईल.

किती दिवस ते असेच दारातून बोलतात. कावळा मांसाचा तुकडा आणतो, उंदीर तांदळाचे दाणे बाहेर ठेवतो. देणेघेणे वाढते, आणि एक दिवस उंदीर कावळ्याच्या पंखाखाली निर्धास्त बसलेला दिसतो. इथे दुभाषी नाही. दोघांनी एकमेकांचे येणे-जाणे, थांबणे, खाणे स्वतः पाहिलेले आहे. सिंह-बैलाची मैत्री अभयवचनाने एका दुपारी झाली आणि एका दुपारी संपली. उंदीर-कावळ्याची मैत्री बिळाच्या तोंडाशी कित्येक दिवस भिजत पडली होती. मला वाटते, विष्णुशर्म्याने ही दोन तंत्रे शेजारी ठेवली ती उगाच नाही.

आता आपल्या घरातल्या गोष्टीकडे येऊ. मराठी मूल दोन जातींच्या प्राण्यांची जी पहिली गोष्ट ऐकते ती काऊ-चिऊची, आणि ती मैत्रीची नाहीच. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते, तो चिमणीच्या दाराशी येतो, आणि चिमणी बाळाची एकेक कामे सांगून दार उघडत नाही. शेवट घराघरांत वेगळा. कुठे कावळ्याला चुलीपाशी बसवतात आणि तो भाजतो, कुठे तो आत शिरून खाऊ फस्त करतो, कुठे मूल झोपलेले असते म्हणून शेवटच नसतो. या गोष्टीने माझ्या मांडणीला चांगलाच अडथळा केला आहे, आणि तो मी बाजूला सारणार नाही. कावळा आणि चिमणी एकमेकांचे बोलणे पूर्ण समजतात. भाषा एक, शेजार एक, मध्ये कोल्हा नाही. तरी दार बंद. म्हणजे खुणा कळल्या की मैत्री झाली असे नाही. चिमणीला आत पिल्लू आहे आणि बाहेर कावळा, जो पिल्ले खातो. ही गोष्ट सांगताना आपण चिमणीला कधी कंजूष करतो, कधी शहाणी. ती आई आहे एवढे म्हटले तरी पुरे. हिरण्यकही दार उघडत नव्हता, पण तो एकटा होता. त्याला वाट पाहणे परवडत होते.

आपल्या सीमेवरच्या वाचकाला आणखी एक पुस्तक जवळचे वाटायला हवे, आणि ते इंग्रजी आहे. किपलिंगचे ‘जंगल बुक’ १८९४ साली आले. त्यातले मोगलीचे रान म्हणजे सिवनीचा डोंगर, आपल्या छिंदवाड्याला लागून. किपलिंग स्वतः सिवनीला आलेला नव्हता; रॉबर्ट स्टर्नडेल नावाच्या अधिकाऱ्याचे सातपुड्यातल्या मुक्कामांवरचे १८७७चे पुस्तक त्याच्या हाताशी होते. साहेबाच्या नजरेतले हिंदुस्थानचे चित्र म्हणून या पुस्तकावर जी टीका झाली ती मला मान्य आहे. तरी या लेखाच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात इतकी ठळक आहेत की ते सोडवत नाही.

पहिले उत्तर बल्लू अस्वलाचे. तो मोगलीला रानातल्या प्रत्येक जमातीची हाक शिकवतो : पाखरांची वेगळी, सापांची वेगळी, शिकार करणाऱ्यांची वेगळी. मोगली कंटाळतो, मार खातो, पाठ करतो. मग माकडे त्याला पळवून नेतात तेव्हा तो आकाशातल्या घारीला घारीच्या भाषेत हाक मारतो, आणि पडक्या घरात सापांमध्ये पडतो तेव्हा सापांच्या भाषेत. जीव वाचतो तो घोकंपट्टीने. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि वर इंग्रजी घोकलेल्या आपल्या मुलांना हा भाग समजावून सांगावा लागत नाही.

दुसरे उत्तर अधिक कठोर आहे. लांडग्यांच्या सभेत माणसाच्या पिल्लाला ठेवायचे की शेरखानाला द्यायचे असा वाद होतो, तेव्हा बघीरा बिबळा त्याचा जीव विकत घेतो. किंमत : नुकताच मारलेला एक धष्टपुष्ट बैल. त्या बैलासाठी मोगलीने पुढे कधी गुरे मारायची किंवा खायची नाहीत असेही त्याला बजावले जाते. मोगली-बघीराच्या मैत्रीखाली एक मेलेला बैल आहे आणि पुस्तक त्याला विसरत नाही. १९६७च्या डिस्ने चित्रपटात हा बैल नाही. १९९३ साली दूरदर्शनवर हिंदीतून मोगली आला, रविवार सकाळी पांढुर्ण्याचे रस्ते रिकामे व्हायचे आणि गुलजारांचे शीर्षकगीत मराठी घरांतली मुलेसुद्धा म्हणायची. पण त्या पिढीतल्या ज्याला ज्याला मी विचारले त्याला बघीरा आठवतो, बल्लू आठवतो, बैल कोणालाच नाही. पडद्याने प्रेम ठेवले आणि मोल काढून टाकले. पंचतंत्राच्या बालआवृत्त्यांनी दमनकाची भूक काढली, तसेच हे.

मराठीतल्या आधुनिक वनलेखनाने हा गोडवा बराच टाळला, हे त्याचे मोठेपण. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मध्ये (१९८२, साहित्य अकादमी पुरस्कार १९८३) वानरांच्या टोळ्या आहेत, मैत्रीचे नावही नाही, आणि सत्ता बदलली की पिल्लांचे काय होते हे लेखक मान न वळवता सांगतो. मारुती चितमपल्लींनी (ते १८ जून २०२५ रोजी गेले) रानातल्या गोष्टींना नावे दिली, आदिवासींकडची नावे टिपली. कावळ्यांच्या सामुदायिक वस्तीला काकागार आणि बगळ्यांच्या वस्तीला सारंगागार म्हणावे असे वाटणारा माणूस एका खुणेलाही घाईने अर्थ लावत नाही. माझ्या विषयाला थेट भिडणारे लेखन मात्र हेमलकशाचे आहे. भामरागडच्या रानात १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात प्रकाश आमट्यांना वाटेत मारलेली माकडीण घेऊन जाणारे शिकारी भेटले. तिच्या अंगाला चिकटलेले पिल्लू अजून दूध शोधत होते. ते त्यांनी मागून घेतले. पुढे माडिया लोक रानातली पोरकी पिल्ले आणून देऊ लागले, आणि भिन्न जातींची पिल्ले एका अंगणात, एकाच हातून खाऊन वाढली. आमट्यांचे ‘रानमित्र’ आणि विलास मनोहरांचे ‘नेगल’ ही पुस्तके इथून आली. ‘नेगल’ हे एका बिबळ्याचे नाव. या पुस्तकांत मला आवडते ते असे की प्राण्यांचा सगळा संसार त्यांत येतो : खाणे, आजारपण, खोड्या, मरण. ‘रानमित्र’ हे शीर्षक मात्र थोडे अपुरे वाटते. तिथले सख्य रानातले नव्हे, अंगणातले आहे. रोज वेळेवर खायला घालणारा हात मध्ये आहे म्हणून पिंगलकाला शिकार सोडता आली, असे म्हणा ना.

अंगणाबाहेर, खरोखरच्या रानात वा शेतात असे काही घडते का? घडते, आणि तिथेच लिहिणाऱ्याची परीक्षा असते. २००२ साली गुजरातेत बडोदे जिल्ह्यातल्या आंतोली गावी एक बिबळा रात्री शेतावर बांधलेल्या गाईपाशी येऊन तिच्या अंगाला टेकून बसत असे. वनखात्याच्या माणसांनी ते पाहिले, फोटो निघाले, वर्तमानपत्रांत आले. एवढे पुरेसे आश्चर्य आहे. पण पुढे मोबाईलवर तेच फोटो फिरू लागले तेव्हा त्यांखाली गोष्ट आली : बिबळा वीस दिवसांचा असताना त्याची आई मेली, गाईने त्याला दूध पाजले, म्हणून तो रोज आईला भेटायला येतो. एका फेरीत हे आसामात घडल्याचेही मी वाचले. फोटो एक, त्याखालची ओळ दुसऱ्याची. ती ओळ वाचली की गाईकडे पाहायची गरज उरत नाही. त्या फोटोंत मला पाहायची असते ती गाय : तिचे कान कुठे आहेत, मान ताठ आहे की सैल, दावे किती लांब आहे. दावणीला बांधलेल्या जनावराच्या मैत्रीबद्दल बोलताना दाव्याची लांबी विचारावीच लागते.

याच्या उलट उदाहरण गीरचे. २०१८च्या अखेरीस तिथल्या एका सिंहिणीने सुमारे दोन महिन्यांचे बिबळ्याचे पिल्लू जवळ केले. तिची स्वतःची दोन पिल्ले त्याच वयाची. तिने तिघांनाही पाजले, शिकार आणून चारली. गीरमध्ये सिंह आणि बिबळे एरवी एकमेकांचे वैरी, आणि सिंहाच्या पंजात सापडलेले बिबळ्याचे पिल्लू वाचत नाही. सुमारे दीड महिना अभ्यासकांनी हे पाहिले. मग ते पिल्लू पाणवठ्याजवळ मेलेले आढळले. शवविच्छेदनात मांडीजवळचा जन्मजात हर्निया निघाला. म्हणजे कोणी मारले नव्हते. २०२०मध्ये अभ्यासकांनी यावर जे लिहिले त्यात मला माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सापडले. त्या वयापर्यंत सिंहाचे आणि बिबळ्याचे पिल्लू सारखेच खेळते, सारखेच ओरडते, सारखेच दूध मागते. वेगळेपण पुढे उगवते, एक कळपाचा होतो आणि दुसरा एकांडा. आई ज्या खुणा वाचत होती त्या तेवढ्या वयापुरत्या दोन्ही जातींच्या एकच होत्या. ते जगले असते तर काय झाले असते, हे विचारायची संधी हर्नियाने ठेवली नाही. केनियात त्सुनामीनंतर १३० वर्षांच्या कासवाला बिलगलेल्या पाणघोड्याच्या पिल्लाबाबत ती मिळाली. ओवेन मोठा झाला, वजनाने कासवाला झेपेना, तेव्हा २००७ साली त्याला दुसऱ्या पाणघोड्याच्या सोबतीला हलवले. त्या दोघांवरचे मुलांचे चित्रपुस्तक त्याआधीच, २००६ साली, येऊन जगभर खपले होते.

आपल्या घरापासून फार लांब न जाता हे पाहायचे असेल तर पेंचचे रान आहेच. तिथे झाडावर वानरे आणि खाली चितळे हे दृश्य ज्याने पाहिले नाही असा माणूस पेंचला गेलाच नाही म्हणावे. वानरे खातात कमी आणि सांडतात जास्त. पाने, फळे खाली पडतात, चितळे वेचतात. वानराला उंचावरून दूरचे दिसते, चितळाला वास आणि चाहूल आधी लागते. वाघ-बिबळ्याची चाहूल लागून एकाने हाक दिली की दुसरा सावध होतो. पॉल न्यूटन या अभ्यासकाने कान्हाच्या रानात हा सहवास मोजून पाहिला आणि १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या शीर्षकातच प्रश्न विचारला, की हा योगायोग आहे की परस्परांच्या लाभाचा व्यवहार. मैत्री म्हटले नाही. मी म्हणेन. वानराची खेक चितळाला कळते आणि चितळाची शीळ वानराला, कोणी सांगावे लागत नाही, आणि चुकीची हाक दिली तर सगळ्यांच्याच जिवावर बेतते. हिरण्यकाचे बिळाच्या तोंडाशी ठेवलेले तांदळाचे दाणे आणि वानराने सांडलेली पाने यांत मला फारसे अंतर दिसत नाही. यावर मराठीत एखादी चांगली बालकथा असावी असे फार वाटते. शर्त एवढीच की वानराने चितळाला उपदेश करू नये.

आणि गायबगळा तर आपल्या बांधावरचाच. गाईच्या खुराने गवतातले नाकतोडे उडतात, ते तो टिपतो, कधी पाठीवर बसून फिरतो. गाईला यातून काय मिळते यावर जाणकारांत एकमत नाही. गोचिडी टिपल्या जातात म्हणावे तर कमीच. आमच्याकडचा गायकी उंच गवतात ढोरे दिसेनाशी झाली की पांढरे बगळे कुठे उतरलेत ते पाहतो आणि तिकडे चालू लागतो. आता गायकी थोडे उरले, बैलजोड्याही पोळ्याच्या तोरणाखाली मोजता येतील एवढ्याच. जाम नदीकाठच्या शेतांत नांगरट ट्रॅक्टरने होते, आणि फाळामागे उलटलेल्या काळ्या मातीत तेच बगळे ओळीने चालत असतात, जवळून, न भिता, एंजिनच्या आवाजाकडे लक्ष न देता.